पंचमीला हूक तोडू नये

"पंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, कुटायचं नाही, तळायचं नाही, तवा चुलीवर चढवायचा नाही. आणि अडलीस तर मला विचार, अंदाजानं काही करू नकोस."

बावीस वर्षांपूर्वी सासूबाईंनी नव्या सुनेला हे एका दमात सांगितलं होतं. निवेदिताबाई त्यानंतर एकदाही विसरल्या नव्हत्या. यंदाही नाही. सोमवारी पहाटे त्यांनी तुळशीला पाणी घातलं, पाटावर गंधानं नाग काढला, दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवला आणि पुरणाची दिंडं उकडायला ठेवून पोथी उघडली. दोन ओव्या झाल्या असतील, तेवढ्यात मोबाईल वाजला. त्यांची एम.टेक.ची विद्यार्थिनी निकिता होती.

"मॅडम, प्रोफेसर हालास सर हॉटेलवरून निघाले. साडेदहाला हूक तोडायचा ना? मी फुलं आणलीत."

निवेदिताबाईंचा हात कानाशी तसाच राहिला. हूक. तोडायचा. आज.

झालं होतं ते असं. हंगेरीचे प्रोफेसर हालास आठवडाभरात पाच अभियांत्रिकी महाविद्यालयं बघणार होते आणि त्यांतल्या एका विद्यार्थ्याला सहा महिने आपल्या प्रयोगशाळेत नेणार होते. ही तारीख एप्रिलमध्येच ठरली. सुट्ट्यांच्या सरकारी यादीत पंचमी नव्हती, म्हणून कुणाला काही खटकलं नाही. निवेदिताबाईंच्या मनात पंचमी घरच्या कॅलेंडरवर होती आणि प्रोफेसर हालास कॉलेजच्या कॅलेंडरवर होते. ही दोन कॅलेंडरं इतक्या वर्षांत एकमेकांना कधी भेटलीच नव्हती. कोणता पदार्थ किती ताण सोसतो आणि कधी मोडतो, हे शिकवणं बाईंचा पेशा. पण दर पंचमीला त्या गुपचूप फळ्यावरचा तास घेत. फळ्यावर फार तर खडू मोडतो, आणि त्या दिवशी खडूही त्या अख्खाच नेत.

"येते," एवढंच त्या म्हणाल्या. दिंडांचा डबा भरताना त्यांनी मनाशी तडजोड केली. व्रत आपलं आहे. मशीन काही आपण चालवत नाही, अजिनाथभाऊ चालवतात. आपण लांब उभं राहायचं आणि नामस्मरण करायचं.

प्रयोगशाळेत चाळीस टन ताकदीचं ओढून तोडणारं यंत्र होतं. ते कॉलेजपेक्षा जुनं होतं आणि अजिनाथभाऊंशिवाय कुणाचं ऐकत नव्हतं. यंत्राच्या जबड्यात ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीचा हूक घट्ट धरून ठेवलेला होता. निकिताचं सगळं संशोधन या हुकावर होतं. गेल्या हंगामात तिच्या चुलत्याची ट्रॉली ऐन उतारावर ट्रॅक्टरपासून सुटली आणि उसासकट ओढ्यात जाऊन बसली. माणसं वाचली. निकितानं तेव्हापासून मनावर घेतलं होतं, की हूक नेमका किती ओढीला तुटतो ते संगणकावर आधीच काढता आलं पाहिजे.

अजिनाथभाऊ यंत्राला हळदकुंकू लावून, हात मागे बांधून उभे होते.

"भाऊ, तयारी झाली?"

"तयारी झाली. पर बटन न्हाई दाबायचो म्याडम."

"का?"

"का म्हंजी? पंचमी हाय. आज आमी दातानं सुतळी तोडीत न्हाई. शेतात कुदळ न्हाई, घरात इळी न्हाई. आन् तुमी म्हंता लोखंड तोडा."

त्यांच्या मनातलंच कुणीतरी मोठ्यांदा बोललं होतं. आपलं व्रत पाळावं म्हणून दुसऱ्याचं मोडायला आपण निघालो होतो, हे त्यांना तिथं उभ्याउभ्या कळलं.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या.

"मॅडम!" निकिता रडकुंडीला आली. "बरोबर काय? सर एवढ्या लांबून तोडलेलं बघायला येतायत. बाकीच्या कॉलेजांत तोडूनच दाखवलं असणार. मामा, नुसतं एक बटण हो!"

"तूच दाब की मंग."

निकिता बटणापर्यंत गेली. बोट पुढं केलं. मग तिला धाकटा भाऊ करण आठवला, त्याच्यासाठी तिनं कालच भावाचा उपवास केला होता. तिनं बोट मागं घेतलं आणि ओढणीला पुसलं.

विभागप्रमुख सुनील सर धावत आले. ते कुठल्याही अडचणीत घाबरत नसत, कारण अडचण कळायच्या आधीच त्यांना तोडगा सुचलेला असे. सगळं ऐकून ते म्हणाले, "सोप्पंय. मशीन तपासणीसाठी बंद आहे म्हणून सांगू. उद्या सकाळी तोडू. सर उद्या अकराला निघणारेत."

"खोटं कशाला सर? खरंच सांगू की," निवेदिताबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"नाग दुखावतो म्हणून हूक तोडत नाही, हे? मॅडम, ते हसतील. बुडापेस्टला जाऊन सांगतील."

तेवढ्यात प्रोफेसर हालास दारात आलेच. उंच, वाकलेले, खांद्याला जड पिशवी. फुलं घेतली, सगळ्यांना नमस्कार केला आणि सरळ यंत्रापाशी गेले.

"सॉरी सर," सुनील सर म्हणाले. "मशीन बंद आहे. आकडे बरोबर दाखवतंय की नाही याची तपासणी राहिलीय."

हालासांचा चेहरा उजळला. "तपासणी? फार छान! मला ती फार आवडते. यंत्राची ओढ मोजून बघायचं माझं साधन मी कायम सोबत ठेवतो." आणि त्यांनी पिशवीतून चकचकीत पोलादी डबी काढून टेबलावर ठेवली. "अर्ध्या तासात करू."

"पण सर, वीज नाही."

हालासांनी वर पाहिलं. पंखा गरगर फिरत होता. सुनील सरांनीही वर पाहिलं, मग पंख्याकडे पाहायचं टाळून म्हणाले, "म्हणजे, पंख्यापुरती आहे. मशीनची वेगळी लाईन. शिवाय ते चालवणारा माणूस आज रजेवर आहे."

"गुड मॉर्निंग सर," चहाचा ट्रे पुढं करत अजिनाथभाऊ म्हणाले. "माय नेम अजिनाथ. आय मशीन ऑपरेटर." एवढं इंग्रजी त्यांना येत होतं, आणि पाहुण्याला ओळख द्यायला त्यांनी तेच वाक्य सकाळपासून पाठ केलं होतं.

हालास चहा पिऊ लागले. निकितानं डोळे मिटले. सहा महिने, ती प्रयोगशाळा, सगळं तिला ओढ्यात बसलेल्या ट्रॉलीसारखं दिसायला लागलं.

निवेदिताबाई पुढं झाल्या. "सर, यंत्र ठीक आहे. वीज आहे. माणूसही आहे. आज आमच्याकडं नागाचा सण आहे. पेरणी झालेल्या शेतात नाग असतो, म्हणून आज कुणी खणत नाही, चिरत नाही, तोडत नाही. त्याला इजा होऊ नये म्हणून. मी ही तारीख ठरवताना पाहिलं नाही. चूक माझी आहे. हूक उद्या सकाळी साडेसातला तोडू."

सुनील सर भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. हालासांनी कप खाली ठेवला.

"म्हणजे आज काहीही तोडायचं नाही?"

"नाही."

"संगणकावर?"

हा प्रश्न बावीस वर्षांत कुणी विचारला नव्हता.

"संगणकावर," निवेदिताबाई म्हणाल्या, "चालत असावं."

निकितानं चपळाईनं संगणक उघडला. पडद्यावर हूक आला, आणि तिनं एक कळ दाबताच त्याच्या अंगावर बारीक बारीक त्रिकोणांचं जाळं पसरलं. तिच्या मागं उभं राहून अजिनाथभाऊ वाकून बघत होते.

"हे काय गं?"

"मामा, आख्ख्या हुकाचा हिशोब एकदम करता येत न्हाई. म्हणून त्याचे लहान लहान भाग करायचे, एकेकाचा ताण काढायचा, आन् सगळं जुळवायचं."

"किती भाग?"

"चाळीस हजार."

अजिनाथभाऊ सरळ झाले. "म्याडम, ही पोरगी काय म्हंती ऐकलं का? म्या एक तुकडा करत न्हवतो तं माझ्यावर रागावली. हिनं सणाच्या दिशी चाळीस हजार केले!"

"ते सुटे न्हाईत हो!"

"तुकडे ते तुकडे."

हालास उत्सुकतेनं एकाकडून दुसऱ्याकडं बघत होते. निवेदिताबाईंना भाऊंचं म्हणणं सहज टाकून देता येईना. अंदाजानं करायचं नाही, हा नियम होता. त्यांनी नगरला सासूबाईंना फोन लावला.

"आई, एक विचारायचं होतं. पंचमीचं."

"दिंडं फुटली का?" पलीकडून विजयाबाईंचा आवाज स्पीकरवर खणखणला.

"नाही. कॉलेजात एक हूक आहे. त्याला संगणकावर ओढून बघायचंय."

"खरा हूक?"

"खरा तसाच ठेवलाय. हा नुसता चित्रातला."

"मग चित्रातल्याला कसलं सोवळं?"

"पण त्याचे चाळीस हजार तुकडे केलेत."

"अगं बाई! सणाच्या दिवशी?" मग त्या म्हणाल्या, "सुटे आहेत का जोडलेले?"

"जोडलेले. एकाची कड दुसऱ्याच्या कडेला. एक हलला की शेजारचा हलतो."

"मग ते चिरणं नाही, ती गोधडी आहे. चिंध्या कधीच्या झाल्या, आज फक्त पसरायची. पसर."

"आणि ओढल्यावर उसवली तर?"

"उसवू द्यायची नाही! शिवण ताणली की हात आवर. जेवायच्या आत करा, उपाशी बसू नका."

निवेदिताबाईंनी हे सगळं इंग्रजीत सांगितलं. हालासांनी खिशातून वही काढली आणि गोधडीपाशी थांबवून दोनदा विचारलं. "तीस वर्षं मी पहिल्या तासाला हे समजावतो," ते म्हणाले. "तासभर लागतो, आणि शेवटी मुलं तिसरंच काहीतरी लिहून आणतात."

अजिनाथभाऊंचंही समाधान झालं. "थोरल्या आक्कांनी सांगितलं म्हंजी झालं," म्हणून त्यांनी स्वतःच निकिताला खुर्ची सरकवून दिली.

गणित सुरू झालं. ओढ वाढत गेली तसा हुकाचा वाकडा भाग निळ्याचा हिरवा, हिरव्याचा पिवळा झाला. एका ठिकाणी लाल ठिपका उठला. "थांब," निवेदिताबाई म्हणाल्या, आणि निकितानं थांबवलं. भेग पडायच्या एक पायरी आधी. कोपऱ्यात आकडा होता, अठरा पूर्णांक चार टन.

"म्हणजे तुमचं भाकीत अठरा पूर्णांक चार," हालास म्हणाले.

"साधारण," निकिता घाईनं म्हणाली. "अजून थोडं जुळवायचंय सर."

"कशाशी जुळवायचं?"

निकिता ओढणीच्या टोकानं पडदा पुसायला लागली. कशाशी ते दोघींना माहीत होतं. नेहमीची रीत अशी, की सकाळी हूक तोडायचा, किती टनाला तुटला ते बघायचं, आणि दुपारी बसून संगणकातल्या आकड्यांना हळूहळू समजावून तिथपर्यंत आणायचं. कुणी त्याला लबाडी म्हणत नसे. जुळवणी म्हणत.

"या दौऱ्यात मी चार ठिकाणी गेलो," हालास सावकाश म्हणाले. "चारही ठिकाणी गणिताची रेघ आणि प्रयोगाची रेघ जुळ्या बहिणींसारखी दिसत होती. सगळ्यांनी आधी तोडलं होतं. तोडायच्या आधीचा आकडा मला इथंच पहिल्यांदा मिळतोय. तुमच्या नागामुळं." त्यांनी कागद पुढं सरकवला. "लिहून द्याल?"

निकितानं निवेदिताबाईंकडं पाहिलं. आता जुळवणी नाही. चुकलं तर कागदावर, सहीसकट चुकणार. बाईंनी स्वतःचं पेन उघडून तिच्या हातात दिलं. निकितानं आकडा लिहिला. घाईत चार जरा नऊसारखा आला. तो तिनं पुन्हा नीट काढला.

सुनील सरांना आता पुन्हा हुरूप आला. परीक्षा विभागातून प्रश्नपत्रिकेचं पाकीट आणून ते म्हणाले, "सीलबंद करू! चिकटपट्टी लावून, वर सगळ्यांच्या सह्या!" हालासांनीही वहीतलं एक पान घडी करून पाकिटात टाकलं. काय लिहिलंय ते सांगितलं नाही. सुनील सरांनी चिकटपट्टी ताणली, चिकटवली, आणि रीळ हातात धरून उभे राहिले.

"काय झालं?" निकिता म्हणाली.

"तोडायची कशी?" अजिनाथभाऊंनी शांतपणे विचारलं.

शेवटी पट्टी सोलून काढली आणि ऑफिसातून डिंकाची बाटली आणली. पाकीट वाळेपर्यंत जेवण झालं. दिंडं हालासांना फार आवडली. जेवणानंतर त्यांनी पिशवीतून पेरू काढला आणि खिशातून लहानसा चाकू. चौघांनी एकदम श्वास ओढला. हालासांनी चौघांकडं पाहिलं, चाकू मिटून खिशात ठेवला आणि पेरूला सरळ चावा घेतला. अजिनाथभाऊंनी त्या क्षणापासून त्यांना घरचा माणूस मानलं.

"मामा, तुमचा काय अंदाज?" निकितानं विचारलं. "तुम्ही किती हूक तोडलेत!"

अजिनाथभाऊ हुकाला हात लावून, वाकून, वास घेतल्यासारखं करून म्हणाले, "ह्यो तुटायचा न्हाई. मशीन थकंल."

मंगळवारी साडेसातला सगळे जमले. निवेदिताबाई पूजा उरकून आल्या होत्या. अजिनाथभाऊंनी बटण दाबलं. यंत्र कण्हत कण्हत ओढू लागलं. पंधरा टन. सोळा. सतरा. निकिताच्या मुठी आवळल्या. अठरा. तिनं डोळे मिटले. अठरा पूर्णांक चार आलं, आणि गेलं. हूक तसाच होता. एकोणीस. वीस. अजिनाथभाऊ मिशीत हसायला लागले. एकवीस पूर्णांक तीनला फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि हुकाचे दोन तुकडे जबड्यांत लोंबकळायला लागले.

पाकीट उघडलं. निकिताचा आकडा अठरा पूर्णांक चार. चूक जवळपास तीन टनांची.

"सर, हवेतला दमटपणा," सुनील सरांनी सुरुवात केली, "शिवाय काल रात्रभर ताणात—"

"ताणात न्हवता सर," अजिनाथभाऊ म्हणाले. "नुसता धरला हुता."

"तुम्हाला काय वाटतं?" हालासांनी निकिताला विचारलं. "का चुकलं?"

काहीतरी भारी बोलावं म्हणून निकितानं तोंड उघडलं. दोन-तीन मोठे शब्द जिभेवर आलेही. मग तिनं ते गिळले.

"माहीत नाही सर."

हालासांनी मान हलवली आणि पाकिटातला दुसरा कागद उलगडून टेबलावर ठेवला. "हा माझा. काल मीही लिहिला होता. सासूबाईंची गोधडी ऐकून मला फार विश्वास आला होता." कागदावर लिहिलेलं होतं, सव्वीस.

पहिल्यांदा अजिनाथभाऊ हसले, पोट धरून. "म्हंजी सायबाचं पोरीपेक्षा जास्त चुकलं! आन् माझं तं समद्यांत जास्त!" निवेदिताबाईंनी पदर तोंडाला लावला. कामाच्या ठिकाणी त्या असं हसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. हालासही हसत होते, जरा ओशाळून. तीस वर्षांत त्यांनीही तोडायच्या आधी आकडा लिहून दिला नव्हता, हे त्यांनी स्वतःच सांगून टाकलं.

मग ते गंभीर झाले. "पण चुकणाऱ्याला जागा देतो असं मी कुठं म्हणालो नाही," ते निकिताला म्हणाले. "पंधरा दिवसांनी मला नाव कळवायचं आहे. हे तीन टन कुठून आले, तेवढं मला लिहा. गणितात कोणतं पोलाद घातलं होतं?"

"पुस्तकातलं."

"आणि हा हूक घडवला कुणी?"

निकितानं मान खाली घातली. हूक चुलत्यांनी आणून दिला होता. तिनं त्याचं वजन केलं होतं, मापं घेतली होती, चाळीस हजार भाग केले होते. कुणी घडवला ते विचारलं नव्हतं.

"देवळाली प्रवरेच्या हनुमंत लोहारानं," अजिनाथभाऊ म्हणाले. "तापवून कशात बुडिवतो, त्याचं त्यालाच ठाव. सांगत न्हाई कुनाला."

"मी आज जाते," निकिता म्हणाली. "आणि जे खरं असेल तेच लिहीन सर. मला सोयीचं नसलं तरी."

"शब्द?"

"शब्द."

अकराला गाडी निघाली. सुनील सर फाटकापर्यंत हात हलवत गेले आणि परत येऊन फोटोंसाठी सगळ्यांना यंत्रापुढं गोळा करू लागले. "निकिता कुठंय? मधी तिला उभं करायचंय!"

निकिता मागच्या दारानं कधीच बाहेर पडली होती. तुटलेल्या हुकाचे दोन्ही तुकडे तिनं वर्तमानपत्रात गुंडाळून कापडी पिशवीत ठेवले होते. पिशवी जड होती, बंद खांद्यात रुतत होते. देवळालीकडं जाणारी राहुरी फॅक्टरीची एसटी आली तेव्हा तिनं पिशवी आधी वर ठेवली आणि मग स्वतः चढली.

"एवढं काय वज्जं?" कंडक्टरनं विचारलं.

"काम आहे," ती म्हणाली, आणि खिडकीशी बसून पिशवी मांडीवर घेतली.